आधी बेल्ट काढा

दिल्लीत गाडी बंद पडली की ती गॅरेजात पोचण्याआधीच तिचं निदान झालेलं असतं. क्रेनवाला करतो, पंपावर हवा भरणारा करतो, सोसायटीच्या गेटवरचा गार्डही करतो. ‘अंकलजी, इंजन सीज़ हो गया.’ किल्ली फिरवल्यावर ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि पुढे काही हललं नाही, एवढ्या पुराव्यावर हा निकाल लागतो. मालक घाबरतो, कुणीतरी एक आकडा सांगतो, आणि संध्याकाळपर्यंत मायापुरीच्या भंगार बाजारातून ‘कटिंगचं’, म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीचं, इंजिन आणायचं ठरूनही गेलेलं असतं. दिल्लीच्या द्वारका उपनगरात गॅरेज टाकल्यापासून अशा बसलेल्या म्हणवणाऱ्या गाड्या माझ्याकडे येत राहिल्या. बऱ्याचशा बसलेल्या नव्हत्या.

मी मूळचा कऱ्हाडचा. एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो, शेवटचं पोस्टिंग पालमला. निवृत्त झालो तेव्हा मुलं इथल्या शाळांत रुळली होती, गावाकडे जाऊन शेती बघायचा बेत पुढे पुढे जात राहिला आणि शेवटी कुणी त्याचं नावच काढेना. तेव्हाची द्वारका अर्धी रिकामी. मेट्रो आली ३१ डिसेंबर २००५ ला. त्याआधी इथून कॅनॉट प्लेस गाठायचं म्हणजे दिवस मोडायचा, म्हणून ज्याला परवडेल त्याने एक जुनी मारुती घेऊन ठेवलेली. काम भरपूर होतं. बागडोला गावाच्या कडेला एक गाळा भाड्याने घेतला, आत इंजिन उचलायची चेनकुप्पी टांगली आणि बोर्डावर ‘इंजन का काम’ एवढंच लिहिलं.

नोकरीतून पेन्शनखेरीज एक खोड बरोबर आली. विमानाचं इंजिन बिघडलं की ते उतरवून दुसरं चढवायचं हे आमचं काम; पण पहिलं का गेलं हे कागदावर आल्याशिवाय कुणाची सुटका नसे. गॅरेजात असा कागद कुणी मागत नाही. मालकाला गाडी हवी असते, मेकॅनिकला गाळा रिकामा करायचा असतो, जुनं इंजिन किलोच्या भावाने भंगारात जातं आणि ते ज्यानं गेलं ते कारण गाडीतच राहतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांत आधी एकदा इंजिन बदललेलं होतं. पहिलं ज्या दुखण्यानं गेलं, दुसरंही त्याच दुखण्यानं गेलेलं.

बेल्टचं सांगतो. किल्ली फिरवून इंजिन फिरत नाही, याचा अर्थ कुठेतरी काहीतरी अडलंय, इतकाच. क्रँकच्या पुलीवरून बेल्टनं आल्टरनेटर फिरतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरतो, काही गाड्यांत पाण्याचा पंप फिरतो. यातल्या एकाचं बेअरिंग गंजून धरलं आणि जोडीला बॅटरी अर्धमेली असली की अख्खं इंजिन जाम झाल्याचं सोंग उभं राहतं. म्हणून आधी बेल्ट काढायचे. मग स्टार्टर उतरवायचा, कारण त्याची छोटी दातेरी चकती फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकली तरी काही हलत नाही. मग गाडी न्यूट्रलला टाकून क्रँक पुलीच्या बोल्टाला लांब टामी लावायची आणि हातानं फिरवून बघायचं. जोर करायचा नाही. थोडं फिरून ठरावीक जागी अडतंय, सगळीकडे सारखंच जड आहे, की मुळीच हलत नाही? तिन्हींची कारणं वेगळी. प्लग काढून पुन्हा बघायचं. प्लग काढल्यावर सहज फिरलं तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल भरलं होतं. एवढं सगळं अर्ध्या तासात होतं आणि फार तर हात काळे होतात.

२०२० च्या दिवाळीनंतर एक मराठी कुटुंब वॅगनआर ओढून घेऊन आलं. मार्चमध्ये नागपूरला लग्नाला गेले ते लॉकडाऊनमध्ये तिकडेच अडकले. गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. पावसाळ्यात तिथे पाणी साचलं होतं. दोन ठिकाणी इंजिन बदलायला सांगितलेलं. मुलगा म्हणाला, ‘काका, घ्यायचं तर घेऊ इंजिन, पण एकदा तुम्ही बघा.’ बेल्ट सोडवला आणि इंजिन एका हातानं फिरलं. आल्टरनेटर गंजून गच्च झाला होता. त्याच महिन्यात दुसरी एक गाडी मात्र खरीच धरलेली निघाली. दमट हवेत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या लोखंडाला गंजून चिकटल्या होत्या. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं लाल ऑइल मिसळून ओतलं आणि ठेवून दिली. रोज सकाळी टामीला नुसता हात लावून बघायचा, बस्स. घाई करून रॉड वाकवण्यापेक्षा आठवडाभर गाळ्यात जागा अडलेली परवडते. शेवटी ती सुटली. चालूही झाली, पण निळा धूर काढत राहिली आणि मालकाला पुढे रिंगा बदलाव्याच लागल्या. हेही आधी सांगून ठेवायचं असतं, नाहीतर सुटलं म्हणून मिठाई वाटणारा माणूस महिन्याने भांडायला येतो.

पावसाचं प्रकरण याच्या उलट. २८ जून २०२४ ला सफदरजंगला २४ तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस पडला आणि दिल्लीचे अंडरपास भरले. त्यानंतरचे बरेच दिवस बुडालेल्या गाड्याच आल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी ओढलं गेलं की वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो. एका तरुणाची गाडी होती. प्लग काढून फिरवल्याबरोबर भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. त्याने मोबाइलवर शूटिंग केलं. इंजिन मोकळं फिरत होतं. तो म्हणाला, ‘अंकल, प्लग लगा दो, चलते हैं.’ मी प्रत्येक सिलिंडरमध्ये लांब सळई सोडून पिस्टन सगळ्यात वर आल्यावर ती कुठपर्यंत येते त्याच्या खुणा केल्या. एका सिलिंडरची खूण बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली. कनेक्टिंग रॉड वाकला होता. तशीच चालवली असती तर काही दिवसांनी तो रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. त्याला पटेना, कारण गाडी तर फिरत होती. सळई त्याच्या हातात दिली, स्वतः मोजायला लावलं, तेव्हा गप्प झाला.

पण पूर आणि लॉकडाऊन रोज येत नाहीत. द्वारकेतल्या इंजिनांचं रोजचं दुखणं म्हणजे पाणी. इथे सुरुवातीची कितीतरी वर्षं सोसायट्या बोअरवेलवर आणि टँकरवर निघाल्या. ते पाणी किती जड हे इथल्या कुठल्याही बाथरूमचा नळ बघून कळतं; पांढरा थर खरवडून काढावा लागतो. तेच पाणी लोक मग्गा भरभरून रेडिएटरमध्ये ओतत. इंजिनात ते तापतं, क्षार खाली बसतात, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या एकेक करून बंद होतात.

मंत्रालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांची झेन. ९९३ सीसीचं, अ‍ॅल्युमिनियमचं, गोड चालणारं इंजिन. गाडी जपून वापरायचे, रोज सकाळी बोनेट उघडून पाणी घालायचे आणि ते अभिमानाने सांगायचे. गाडीला रोज पाणी लागतं म्हणजे ते कुठेतरी जातंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एक इंजिन बसलं. दुसरीकडून बदलून घेतलं. तेही बसलं तेव्हा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘आजकल के इंजन ही खराब हैं.’ मी इंजिनाला हात लावायच्या आधी रेडिएटर उतरवला. उचलतानाच जड लागला. वरून पाइप लावला तर वरच्या दोन-चार नळ्यांतूनच पाणी वाहत होतं, बाकी सगळा भाग चुन्याने भरलेला. आधीच्या ठिकाणी इंजिन नवं बसवलं, रेडिएटर तोच ठेवला.

मी त्यांना विचारलं, काटा वर गेला नव्हता का? ते म्हणाले, गेला होता, पण मग आपोआप खाली आला, म्हणून चालवत घरी आणली. हे मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. काट्याला माप देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. पाणी सगळं उडून गेलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन जळत असतं आणि डॅशबोर्डवर सगळं ठीक. तापलेला काटा अचानक शांत झाला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची, हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, त्याने विचारलेलं असो वा नसो.

रेडिएटरची टोपी हीही अशीच एक उपेक्षित वस्तू. ती नुसतं झाकण नाही. आतला दाब साधारण ०.९ किलोपर्यंत धरून ठेवते, त्यामुळे १०० अंशांना उकळणारं पाणी १२० च्या आसपासपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर कडक झालं की हा वीस अंशांचा आधार जातो, आणि मे महिन्यातल्या दिल्लीत तो आधार फार लागतो. २८ मे २०२४ ला शेजारच्या नजफगढला ४९.८ अंशांची नोंद झाली होती. त्यात आपल्या मेकॅनिक मंडळींचे दोन जुने जुगाड. एक, थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ‘गर्मी में इसका क्या काम’ म्हणत. दुसरा, पंख्याचा स्विच गेला की पंखा किल्लीवर डायरेक्ट करायचा. दुसऱ्यानं फारसं बिघडत नाही. पहिल्यानं बिघडतं, आणि कसं ते एका मारुती ८०० नं दाखवून दिलं.

ती एका शाळेतल्या बाईंची होती. रोज घर ते शाळा, तीनेक किलोमीटर, आणि परत. थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून टाकला होता, त्यामुळे दिल्लीच्या थंडीत ते इंजिन त्या तीन किलोमीटरमध्ये कधी धड गरमच व्हायचं नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, त्यातलं न जळलेलं खाली ऑइलमध्ये उतरतं, बाष्पही तिथेच राहतं, आणि ऑइलचा काळा चिखल होतो. बाई म्हणाल्या, खालून खटखट येत होती, लाल दिवा कधी लागायचा कधी विझायचा. डिपस्टिकवर ऑइल होतं, म्हणून त्या निर्धास्त होत्या. तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब आहे की नाही ते सांगतो. तो चालत्या गाडीत लागला तर मिनिटंही मोजायची नसतात. ऑइल काढलं, मांडीवर फडकं पसरून त्यावर ओघळू दिलं, आणि उन्हात धरलं. धातूचा चुरा चमकत होता. चेंबर उघडलं तर खालची ऑइल ओढणारी जाळी चिखलानं पार बुजलेली. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजण्याइतकी फट असते आणि त्या फटीत ऑइलचा पातळ पडदा. तो पडदा गेला की धातू धातूला चिकटतो. एका कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, बिगएंडचं, बेअरिंग वितळून क्रँकवर फिरलं होतं, क्रँक त्या जागी निळा पडलेला.

अशा वेळी दोन रस्ते असतात. क्रँक लेथवर घासून घ्यायचा, पाव मिलिमीटर कमी मापाची बेअरिंग घालायची, लागलं तर बोअर करून मोठे पिस्टन टाकायचे. किंवा दुसरं इंजिन. क्रँक निळा पडला असेल तर मी पहिल्या रस्त्याला जात नाही. त्या पोलादाचा भरवसा राहत नाही. ८०० असल्यामुळे दुसरा रस्ता सोपा होता. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४, एवढी वर्षं ती गाडी निघाली, तीही द्वारकेच्या शेजारी गुडगावात. काश्मिरी गेटला तिचा कुठलाही पार्ट मिळतो, मायापुरीत तिची इंजिनं रांगेनं पडलेली असतात. ओम्नीचं इंजिनही ७९६ सीसीचं म्हणून दुकानदार तेही दाखवतो, पण ओम्नीत ते सीटखाली लांबीच्या दिशेनं बसतं, जसंच्या तसं ८०० मध्ये जात नाही.

मायापुरीत इंजिन घेणं ही स्वतंत्र विद्या आहे. पावडर मारून चकचकीत केलेलं इंजिन मी लांबूनच सोडून देतो. धूळ आणि तेल बसलेलं बरं, त्यातून गळती कुठे होती ते दिसतं. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघायची. पांढुरकी साय असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत होतं. प्लग काढून त्यांचे रंग एकमेकांशी ताडायचे. मग जमिनीवरच बॅटरी आणि स्टार्टर लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. आकडा दहा किलोच्या वर हवा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक कमी भरला तर दुकानदार म्हणतो, चालू झालं की येईल. येत नाही. त्या बाजारात काय पडलेलं असतं याचा नेम नाही, हे सगळ्या दिल्लीला एप्रिल २०१० मध्ये कळलं, जेव्हा दिल्ली विद्यापीठानं लिलावात काढलेल्या एका यंत्रातला कोबाल्ट-६० इथल्या भंगारात फुटला, माणसं भाजली आणि एकाचा जीव गेला. त्यानंतर काही महिने आमची घरची माणसं मला मायापुरीला जाऊ देत नव्हती.

इंजिनाबरोबर बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, नक्कल घेतल्याशिवाय मी उचलत नाही. यावरून दुकानदारांशी माझी नेहमी हुज्जत. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो. इंजिन बदललं की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. बहुतेक जण कळवत नाहीत. मग गाडी विकताना, विम्याचा दावा करताना, किंवा नंबर एखाद्या चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस चौकीत, हा प्रश्न उभा राहतो. बाईंनी सगळे कागद स्वतः रांगेत उभं राहून करून आणले. मेकॅनिकनं एवढं सांगितलं म्हणून एखाद्यानं खरंच केलं, असं क्वचितच घडतं.

प्रत्यक्ष बदलण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सोडवताना प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घाला, बोल्ट डब्यांत वेगवेगळे ठेवा, चेनकुप्पीखाली डोकं घालू नका. इंजिन बाहेर असतानाच मागचं क्रँक सील, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्लच प्लेट बघून घ्या. नंतर यातलं काही गेलं तर मजुरी पुन्हा तेवढीच. बाईंच्या गाडीत थर्मोस्टॅट नवा टाकला, रेडिएटर उघडून घासला, साध्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. चालू करताना आधी प्लग काढून नुसता स्टार्टर मारत राहायचं, लाल दिवा विझेपर्यंत. ऑइल वर पोचलं की मगच ठिणगी. आणि बाईंना एक काम दिलं: आठवड्यातून एकदा गाडी द्वारकेबाहेर लांब फिरवून आणायची. त्या हसल्या, पण रविवारी गाडी घेऊन जायला लागल्या.

आता या धंद्यात सगळ्यात अवघड प्रश्न टामीचा राहिला नाही, वयाचा झालाय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये १५ वर्षांवरच्या गाड्यांवर आणि २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर कारवाई नको म्हटलं, आणि डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. दिल्लीत बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक एप्रिल २०१० पासून. त्यामुळे हल्ली बोनेट उघडण्याआधी मी आरसी मागतो. मालकाला राग येतो, गाडी बघायचं सोडून हा कागद काय बघतो म्हणून.

मागच्याच महिन्यात कोल्हापूरकडचे एक काका सँट्रो घेऊन आले, २००८ ची. बेल्ट काढले, स्टार्टर काढला, प्लग काढले. इंजिन खरंच बसलेलं. गाडी बाकी इतकी सुरेख ठेवलेली की माझाच हात थबकला. त्यांना म्हटलं, इथे इंजिन बदलू नका, बदललं तरी रस्त्यावर काढता येणार नाही. ना-हरकत दाखला घ्या, ट्रकवर चढवा आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन बोअर करून घ्या. तिथल्या लेथवाल्यांइतका हात इकडे मिळत नाही. ‘आणि रेडिएटर?’ त्यांनी विचारलं. बदला, म्हटलं, आधी तोच. त्यांना ते पटलं. ट्रकवाल्याचा भाव मात्र पटलेला नाही, दर दोन दिवसांनी दुसऱ्याला फोन लावतात, आणि सँट्रो तोवर माझ्या गाळ्यासमोर जागा अडवून उभी आहे.